दत्तक मुलाला खरे सांगावे काय?

श्रोतेहो, दत्तक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वंशाचा दिवा, इस्टेट आणि गादी उभी राहते. नाशिककडच्या कवळाणे गावचा मुलगा १८७५ साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. जुन्या शास्त्राप्रमाणे दत्तक घ्यायचा तो बहुधा मुलगाच. १९५६ च्या कायद्याने हिंदूंना मुलगीही दत्तक घेण्याची वाट मोकळी करून दिली. पण एक प्रश्न कायद्याने सुटत नाही. मूल घरी आणले, वाढवले; आता ‘तू आमच्या पोटचे नाहीस’ हे त्याला सांगायचं की नाही?

मणिरत्नम यांचा २००२ सालचा तमिळ चित्रपट ‘कन्नत्तिल मुत्तमिट्टाल’ याच प्रश्नाभोवती उभा आहे. ‘गालावर मुका घेतला तर’ असा त्या नावाचा अर्थ. ते कवी सुब्रह्मण्य भारती यांच्या कवितेवरून घेतले आहे.

श्रीलंकेतल्या यादवीमुळे इकडे आलेली श्यामा रामेश्वरच्या निर्वासित छावणीत एका मुलीला जन्म देते आणि तिला मागे ठेवून नवऱ्यासाठी परत जाते. तिरु हा इंजिनियर, शिवाय कथालेखक. त्या तान्ह्या पोरीत त्याचा जीव गुंततो. पण एकट्या पुरुषाच्या हाती मूल कोण देणार? म्हणून तो इंदिरेला लग्नाचे विचारतो. आपल्याकडे आधी लग्न, मग मूल. इथे मुलीपायी लग्न! पुढे त्यांना दोन मुलगे होतात. अमुदा मात्र थोरली आणि बापाची लाडकी. रागे भरण्याचे काम इंदिरेकडे.

नवव्या वाढदिवसाला अमुदाला खरे सांगितले जाते. पोर हादरून जाते. माझी आई कोण? तिने मला का सोडले? ती घरातून निघूनही जाते. शेवटी आईबाप धाकट्या दोघांना मागे ठेवतात आणि तिला घेऊन श्रीलंकेच्या युद्धभूमीत शिरतात. (ते युद्ध पुढे २००९ साली संपले.) श्यामा भेटते. ती आता बंडखोरांत सामील झालेली आहे. मुलीचे प्रश्न पुष्कळ, पण श्यामेजवळ उत्तरे नाहीत. मुलीला जवळ ठेवून घेणेही तिला शक्य नाही. आणि मग अमुदा इंदिरेच्या गालावर मुका घेते.

इंदिरेचे धैर्य पाहा. मुलीला जन्मदात्रीकडे नेताना ती आपल्याला कायमची अंतरेल ही भीती तिला नसेल काय? तरी तिने वाट अडवली नाही, म्हणूनच मुलगी परत तिच्याकडे वळली. आपल्या कर्णाची गोष्ट आठवा. कुंती त्याच्याकडे आली ती युद्धाच्या तोंडावर, पांडवांची काळजी घेऊन. पण कर्णाने राधेला सोडले नाही. तो राधेयच राहिला. वाढवणाऱ्या आईची माया खऱ्या गोष्टीने तुटत नसते.

मग खरे सांगावे ते कधी? मला वाटते, नऊ वर्षे थांबूच नये. एक दिवस ठरवून सांगितलेले सत्य घाव घालते. लहानपणापासून गोष्टीतून सांगितलेले सत्य अंगवळणी पडते. ‘तुला आम्ही आणायला गेलो होतो तेव्हा ना...’ अशी सुरुवात केली की पुरे. शिवाय खेड्यात गुपित राहते थोडेच? आईबापांनी लपवलेले पाणवठ्यावर किंवा भांडणात दुसराच कुणी बोलून दाखवतो, आणि मग मुलाला दुःख होते ते फसवणुकीचे.

शिक्षकबंधुभगिनींनो, आपल्या वर्गात असे मूल असेल तर त्याची ओळख ‘दत्तक’ म्हणून करून देऊ नका. कुणी चिडवले तर तिथल्या तिथे थांबवा. आणि ते मूल आपण होऊन काही विचारू लागले, तर ‘गप्प बस’ म्हणू नका. अमुदाला सगळी उत्तरे मिळाली नाहीत, पण प्रश्न विचारताना तिचे आईबाप तिच्या दोन्ही बाजूंना उभे होते. मुलाला एवढे लाभले तरी पुष्कळ आहे.