जिस्ट : आंतड्यांतील एका गांठीची ओळख

पोटांत कर्करोगाची गांठ आहे असें कळलें कीं घरचीं माणसें हाय खातात. ती कोणत्या कुळांतली, हें विचारण्याचें भान कोणास राहत नाहीं. आज ज्या गांठीविषयीं बोलावयाचें आहे तिचें कूळ निराळें आहे. डॉक्टर तिला 'जिस्ट' म्हणतात. दरवर्षीं दहा लाखांत सुमारें १० ते १५ जणांना ती होते. निम्म्याहून अधिक वेळां जठरांत, त्याखालोखाल लहान आंतड्यांत.

अन्न आंतड्यांतून पुढें सरकतें तें स्नायूंच्या लाटांमुळें. या लाटांना ताल देणाऱ्या कांहीं पेशी भिंतींत असतात. स्पेनचे शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांचें नांव त्यांना मिळालें आहे. (याच गृहस्थांना १९०६ चें नोबेल पारितोषिक मिळालें, पण तें मज्जासंस्थेच्या अभ्यासाबद्दल.) जिस्टचा उगम या पेशींच्या कुळांत आहे. गांठ भिंतींत वाढते, म्हणून पुष्कळ दिवस पत्ता लागत नाहीं. कधीं आंतल्या आंत रक्त झिरपतें, शौचास काळें होतें, माणूस फिका पडतो, आणि घरचे त्याचें खापर वयावर फोडतात.

सूक्ष्मदर्शकाखालीं ही गांठ स्नायूच्या गांठीसारखी दिसते. म्हणून कित्येक वर्षें तिची नोंद त्याच नांवानें होत असे. शाळेच्या पटावर एकाचें नांव दुसऱ्यास लागलें तर गुणपत्रिका तेवढी बिघडते. येथें मात्र, शस्त्रानें न निघणाऱ्या गांठीवर त्या काळचीं औषधें जवळजवळ निरुपयोगी ठरत, आणि कां ठरतात हें कळत नसे.

१९९८ सालीं जपानांतील ओसाका येथें हिरोता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें कोडें उलगडलें. या पेशींवर 'किट' नांवाचें प्रथिन असतें. बाहेरून निरोप आला कीं पेशीला वाढण्याची आज्ञा देणें हें त्याचें काम. त्याच्या जनुकांत बिघाड झाला, तर निरोप नसतांनाही आज्ञा चालूच राहते. रक्ताच्या एका कर्करोगासाठीं तयार होत असलेलें इमॅटिनिब हें औषध किटलाही अडवितें, असें दिसून आलें. मार्च २००० मध्यें फिनलंडमधील हेलसिंकी येथें तें एका रुग्णास देण्यांत आलें, आणि यकृतांत पसरलेल्या गांठी कांहीं आठवड्यांत आकसूं लागल्या.

गांठ काढतां येण्याजोगी असेल तर शस्त्रक्रिया हाच आजही पहिला उपाय. पसरली असेल तर ही गोळी. परंतु ती सर्वांस लागू पडत नाहीं. बिघाड कोणत्या जनुकांत व त्यांतही कोठें आहे, यावर तें अवलंबून असतें. तेव्हां तपासणीच्या कागदावर 'जिस्ट' असें आलें, तर जनुकाची परीक्षा झाली आहे काय, हें डॉक्टरांस अवश्य विचारावें. विचारण्यांत संकोच कसला?

पसरलेल्या गांठीस ही गोळी थोपवून धरते, बहुधा समूळ नाहींशी करीत नाहीं. बंद केली कीं गांठ पुन्हां वाढूं लागते. यास्तव ती वर्षानुवर्षें घ्यावी लागते, आणि मग किंमतीचा प्रश्न येतो. १ एप्रिल २०१३ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें या औषधाच्या एका स्फटिकरूपावरील मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. त्यामुळें मूळ गोळीच्या मानानें पुष्कळच स्वस्त अशी भारतीय कंपन्यांची गोळी बाजारांत टिकून राहिली.