कपाट कोणाचे?

निबंध विनामूल्य वाचावयास मिळणे आणि ते ठेवण्याचे कपाट आपले असणे, या निराळ्या गोष्टी आहेत. १९९९ मध्ये अमेरिकेतील बर्कलेच्या तिघा प्राध्यापकांनी 'बीप्रेस' ही संस्था काढली. व्यापारी नियतकालिकांच्या चढ्या वर्गणीस पर्याय द्यावा, हा हेतू. पुढे शेकडो ग्रंथालयांनी आपल्या विद्यापीठांचे निबंध-प्रबंध तिच्या संगणकीय भांडारात ठेवले. वाचकास दमडी पडत नसे. भाडे ग्रंथालये भरीत. ऑगस्ट २०१७ मध्ये ही संस्था विकत घेतली ती एल्सेव्हियरने, म्हणजे ज्यांच्या वर्गणीने ग्रंथालये मेटाकुटीस आली होती, त्यांनीच! आदल्या वर्षी त्यांनी सामाजिक शास्त्रांतील लेखांचे 'एसएसआरएन' हे भांडारही घेतले होते.

वाचन विनामूल्यच राहिले. परंतु कोठे काय वाचले जाते, याची नोंदवही नव्या धन्याच्या हाती गेली. आणि या व्यवसायात त्या वहीचे मोल निबंधांहून कमी नाही. बाहेर पडावे, तर वर्षानुवर्षांचा संग्रह हलवावयास माणसे हवीत, पैसा हवा.

पॉल गिन्सपार्ग यांचे १९९१ चे 'अर्काइव्ह' मात्र विकले गेले नाही. २००१ पासून कॉर्नेल विद्यापीठाने त्याचा भार वाहिला, आणि २०१० पासून इतर संस्थांकडेही हात पसरला. भांडार सर्वांस खुले असूनही अनेक ग्रंथालयांनी दरसाल वर्गणी भरली.