मते कोणाची, आणि दिसते कोणाचे?

(बेंगळुरूतील मराठी भाषक विद्यार्थी आणि नोकरदारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज मला इंटरनेटवरच्या दोन प्रकारच्या जागांची तुलना करायची आहे. पहिली चर्चेची जागा. मराठीत ‘मायबोली’ १९९६ साली सुरू झाली, ‘मिसळपाव’ २००७ साली. तिथे कोणी धागा काढतो, खाली प्रतिसाद येतात, नवा प्रतिसाद आला की जुना धागाही पुन्हा वर येतो. दुसरी लिंक टाकण्याची जागा. अमेरिकेत २००५ साली सुरू झालेले रेडिट हे तिचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. तिथे लिंक टाकायची, लोक तिला वर नेणारे किंवा खाली ढकलणारे मत देतात, आणि ती किती जणांना दिसणार हे त्या मतांवर ठरते. खालच्या प्रतिक्रियांचा क्रमही बहुधा मतांनीच लागतो.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून माझा प्रश्न साधा आहे. कोणाचे बोलणे टिकते, कोणाचे दिसते, आणि हे ठरवतो कोण?

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यानंतर कित्येक वर्षे घरात संगणक, फोनची लाइन आणि रिकामा वेळ कोणाकडे होता? परदेशी गेलेल्या किंवा शहरात स्थिरावलेल्या, बहुतांशी सवर्ण मध्यमवर्गाकडे. त्यामुळे चर्चेच्या कट्ट्यांवरचे विनोद, सणवार, पाककृती, ‘आपली संस्कृती’ हे सगळे त्याच घरांतून आले. तिथे खरे नाव लागत नाही, आयडी चालतो. मग जात गळून पडायला हवी होती. अशाच एका चर्चास्थळावर मी शिष्यवृत्ती वेळेवर न मिळण्याबद्दल लिहिले, तेव्हा तिसराच प्रतिसाद होता, ‘आडनाव कळेल का?’ पुढे दोन दिवस टोमणे चालले. पण माझा मजकूर जागेवर राहिला, मी दिलेली उत्तरेही राहिली. चौथ्या दिवशी एका अनोळखी मुलीने लिहिले, ‘माझीही अडकली आहे, अर्ज कुठे करायचा?’ धागा पुन्हा वर आला.

त्याच विषयावरच्या बातमीची लिंक मी एका लिंकच्या मंचावर टाकली. तिथे कोणी शिवी दिली नाही, आडनाव विचारले नाही. काही मते विरोधात पडली आणि तासाभरात लिंक दिसेनाशी झाली.

आपल्याला हे दोन्ही अनुभव जुनेच आहेत. गावात कोणी हाकलतो, कोणी बघतच नाही. हाकलणाऱ्याला निदान जाब विचारता येतो. खाली ढकलणारे मत देणाऱ्याला नाव सांगावे लागत नाही, कारणही द्यावे लागत नाही. त्याला जाब कसा विचारणार?

यामागचे यंत्र समजून घेऊ. रेडिटचा कोड बरीच वर्षे खुला होता, म्हणून त्यातले गणित जाहीर आहे. पहिल्या दहा मतांचे वजन पुढच्या नव्वद मतांइतके धरले जात असे, आणि लिंक जितकी ताजी तितकी वर. म्हणजे पहिल्या तासाभरात कोण जागेवर आहे यावर सगळे अवलंबून. याच बेंगळुरूत सकाळी अकराला लॅपटॉप उघडून कोण बसलेले असते आणि पार्सल घेऊन दुचाकीवर कोण फिरत असते, हे तुम्ही रोज पाहता. बरे, वापरणाऱ्याच्या खात्यावर साठणाऱ्या गुणांना तिथे नाव आहे ‘कर्मा’. शब्द ठेवणाऱ्यांच्या मनात काही नसेलही. पण जन्माने मिळालेल्या फायद्याला कर्माचे फळ म्हणण्याची रीत आपल्याला चांगली ओळखीची आहे.

मतदान म्हणजे लोकशाही, असे यावर सांगितले जाते. बाबासाहेबांनी १९४५ च्या मुंबईतील भाषणात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. राजकीय बहुमत बनते, मोडते, पुन्हा बनते. भारतातले बहुमत मात्र जातीय आहे, ते जन्माने ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. आरक्षणावरची लिंक खाली जाते तेव्हा मला हे आठवते. तिथे मत मांडणीवर पडत नाही, ती मांडणाऱ्या समूहावर पडते.

आता थोडे आपल्याबद्दल. आपले व्हॉट्सॲप ग्रुप पाहा. सकाळी जय भीमचे चित्र, मग दहा लिंका, संध्याकाळी व्हिडिओ. कोणी प्रश्न विचारला तर ‘ग्रुपवर वाद नको’. स्त्रियांनी विचारला तर आणखी लवकर. ॲडमिन वर्षानुवर्षे तोच, आणि बहुधा पुरुषच. मतांचे बटण नसतानाही आपण चर्चेची जागा मोडून लिंकची जागा केली आहे.

जागा कोणाच्या मालकीची, हाही प्रश्न आहे. भारतीय भाषांसाठी म्हणून इथेच, बेंगळुरूत, २०२० साली ‘कू’ सुरू झाले आणि २०२४ साली बंद पडले. त्यावर जमलेल्या संवादाचे भवितव्य लिहिणाऱ्यांच्या हाती नव्हते. याच शहरातून व्ही. टी. राजशेखर यांनी १९८१ पासून ‘दलित व्हॉइस’ तीस वर्षे चालवले. त्याहून मागे जा. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. पत्र फार वर्षे चालले नाही, पण छापलेले अंक जपले गेले, वसंत मून यांच्या संपादनाखाली १९९० साली ग्रंथरूपात आले, म्हणून आज मी ते वाचू शकते.

तेव्हा माझ्या तीनच सूचना आहेत. लिंकच्या मंचांवर जरूर जा, बातमी बाहेर पोहोचवायला ते उपयोगी आहेत; पण आपल्या म्हणण्याचे मोल तिथल्या आकड्यावरून ठरवू नका. आपल्या ग्रुपवर लिंक टाकताना ती का वाचावी हे दोन वाक्यांत लिहा, आणि दर तीन महिन्यांनी ॲडमिन बदला. त्यात स्त्रिया आणि भटक्या-विमुक्त समाजातले साथी असू द्या. आणि चांगली चर्चा झाली की तिची प्रत काढून ठेवा, फोनबाहेर, कागदावर.

पहिली प्रत आजच्या प्रश्नोत्तरांची काढू. विचारा, आणि आडनाव न सांगता विचारा.

जय भीम, जय सावित्री.