पडद्यावरचा बोल्ट



पावसात गाडीचा वायपर पाहिलाय ना? मोटर गोल फिरते, वायपर मात्र काचेवर झुलतो. ही करामत चार दांड्यांच्या जोडणीची. त्यातली चौथी दांडी म्हणजे गाडीचा सांगाडाच. ४०, ८०, ९० आणि १०० मिलिमीटरच्या दांड्या घेतल्या तर आखूड दांडी पुरी फेरी मारते. शंभराच्या जागी १४० घ्या, अडकलीच! सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब यांची बेरीज उरलेल्या दोघींच्या बेरजेपेक्षा जास्त झाली, की एकही दांडी पूर्ण फिरत नाही. ग्राशॉफ या जर्मन अभियंत्याने हे १८८३ साली मांडलं.

आम्ही हे पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि ड्रॉइंग पिनांवर शिकलो. आता चितेगावातल्या माझ्यासारख्या छोट्या वर्कशॉपवाल्याच्या संगणकावरही मोशन सिम्युलेशन चालतं. प्रत्येक सांधा म्हणजे एक बंधन, त्याची समीकरणं. संगणक क्षणाचे बारीक तुकडे पाडून दर तुकड्याला ती समीकरणं सोडवतो. कोणता भाग कुठे पोचला, कुणाला घासला, कोणत्या पिनवर किती जोर आला, सगळं लोखंड कापायच्या आधी दिसतं. मिशिगन विद्यापीठात १९७०च्या दशकात यातलं ‘अ‍ॅडॅम्स’ हे सॉफ्टवेअर आकाराला आलं.

पण संगणकाला जेवढं सांगाल तेवढंच कळतं. मागे आम्ही वेल्डिंगच्या फिक्श्चरचा एक क्लॅम्प केला. पडद्यावर लोण्यासारखा चालला. शॉपवर मात्र हँडल अर्ध्यात थांबलं. फिटरमामांनी ते काढून माझ्या टेबलावर ठेवलं. रंगावर ज्वारीच्या दाण्याएवढा चकचकीत टवका! बोल्टच्या डोक्यावर आपटत होतं. पडद्यावर भोक आम्ही काढलं होतं, बोल्ट नाही. बाजारातूनच आणायचा, तो काढायचा कशाला, असं मीच म्हणालो होतो. मामांनी ग्राइंडरने हँडलची कड तीन मिलिमीटर उतरवली, काम झालं. संध्याकाळी मी गुपचूप बोल्ट घालून सिम्युलेशन पुन्हा चालवलं. तेवढीच जागा लाल झाली.

बुशातला प्ले, म्हणजे पिनेभोवतीची सैल जागा, तोही तसाच. पडद्यावरची पिन भोकात चपखल बसते. खरी पिन सहा महिन्यांनी खडखडायला लागते. तो प्लेही घालता येतो म्हणा, पण घालायचं लक्षात कुणाच्या राहतं?

परवा नवीन डिझाइन दाखवायला मामांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, पडद्याजवळ वाकले.

“सर, बोल्ट घेतलेत ना?”

“घेतलेत, मामा.”

“आन् वॉशर?”

मी माऊसवरचा हात काढला.