अंगणातला कॅमेलिया



प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी पाच-सात मिनिटं बोलावं, असं आयोजकांनी सांगितलं होतं. सॉफ्टवेअरवर मी बोलले तर जेवणाआधीच तुम्ही झोपाल, आणि मागच्या बाकावर झोपणारे कोण होते ते मला अजून आठवतं. म्हणून मी एका झाडाविषयी बोलणार आहे. ते मी गोंदियात आणलं आणि ते मेलं.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला राहिले. त्या शहराला कॅमेलियाचं शहर म्हणतात. तिथे विधानभवनाच्या बागेतही कॅमेलियाचा एक खास भाग आहे. हिवाळ्यात दुसरं काही फुलत नसताना हे झाड फुलतं. गर्द हिरवी, तेल लावल्यासारखी चकचकीत पानं आणि गुलाबासारखी, पण कुणीतरी कंपास घेऊन आखल्यासारखी पाकळ्यांची रचना. नाव परकं वाटलं तरी घराणं ओळखीचं आहे. चहाचं झाड म्हणजे कॅमेलियाच, सख्खं भावंड. म्हणजे इथे बसलेल्या प्रत्येकाने आज सकाळी कॅमेलिया उकळून प्यायला आहे.

भारतात परत आल्यावर वाटलं, आईच्या अंगणात हे झाड हवं. बाबा गेल्यापासून ती आणि तिची सांदवाडी, एवढंच घर उरलं होतं. मी इंजिनिअर, त्यामुळे हिशेब मांडला. सॅक्रामेंटोत उन्हाळ्यात पारा ३८-४० वर जातो आणि झाडं जगतात. आपल्याकडे ४४-४५. चार-पाच अंशांचाच फरक, सावलीत ठेवू. कालिम्पोंगकडच्या रोपवाटिकेतून रोप मागवलं, सुंदर निळी चिनीमातीची कुंडी घेतली.

चूक अशी झाली की मी दिवसाचा आकडा पाहिला, रात्रीचा पाहिलाच नाही. सॅक्रामेंटोत उन्हाळ्यातही रात्री समुद्राकडून वारा येतो आणि पारा १६-१७ पर्यंत उतरतो. झाडाला श्वास घ्यायला रात्र मिळते. आपल्याकडे मे महिन्यात रात्री २८ म्हणजे बरी रात्र, कूलरसमोर माणसं तळमळतात. शिवाय कॅमेलियाच्या कळ्या उन्हाळ्यात धरतात आणि नीट उमलायला त्यांना गारवा लागतो. माती आम्लधर्मी हवी, आणि आपल्या बोअरचं पाणी जड. असं पाणी घालत राहिलं की पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण मुळांना लोह उचलता येत नाही.

जात निवडतानाही मी फोटोला भुलले. जॅपोनिका घेतली, कारण फूल मोठं. तिला सावली आणि गारवा दोन्ही हवं. ससान्का जातीची पानं लहान, फुलं लहान, पाकळ्या लगेच गळतात, पण ती ऊन जास्त सोसते. गोंदियात तीही टिकली असती असं मी म्हणणार नाही.

एप्रिलमध्ये मी पुण्याहून फोनवर सूचना दिल्या. बोअरचं पाणी घालू नको. दुपारी ओलं पोतं टाक. मुळाशी तणस अंथर. आई "हो बाई" म्हणायची. रोज विचारलं की सांगायची, "बरं आहे तुझं झाड."

मेच्या तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. आईला ऊन लागलं होतं, दवाखान्यात सलाईन लावली होती. रात्रीच्या गाडीने निघाले. काकूंनीच सांगितलं, की आई प्यायच्या फिल्टरच्या पाण्याची बादली झाडासाठी उचलून नेत होती आणि भर दुपारी दोन वाजता पोतं भिजवायला अंगणात जात होती. झाड तर कधीच वाळलं होतं. वाळलेल्या काडीवर ती पंधरा दिवस ओलं पोतं टाकत होती. मी विचारलं, "आई, का गं?" तर म्हणाली, "तू इतक्या लांबून पाठवलंस, एखादं पान फुटेल म्हणून."

मी त्यावर काही बोलू शकले नाही. आजही बोलता येत नाही, तेव्हा पुढे जाते.

त्याच अंगणात, त्याच ४५ अंशांत, कुंपणाशी मोगरा लदलदलेला होता. मी लहानपणापासून त्याला नुसता मोगरा म्हणत आले. आईला त्यातल्या जाती माहीत होत्या. मदनबाणाची कळी लांब आणि टोकदार, तो गजऱ्याला. बटमोगरा गोल, गच्च पाकळ्यांचा, तो देवाला आणि माठातल्या पाण्यात टाकायला. वेली मोगरा मांडवावर चढवायचा. मोगऱ्याला ऊनच लागतं. हिवाळ्यात पाणी तोडायचं, जानेवारीत छाटायचं, मग खत-पाणी द्यायचं, की मार्चपासून फुलं. हे सगळं मला चाळिशीत कळलं, तेही आईला ऊन लागल्यावर.

तुमच्यापैकी जे शिलाँग, उटी, दार्जिलिंगकडे बदलीवर आहेत, त्यांनी कॅमेलिया खुशाल लावावा. जे न्यू जर्सीत आहेत त्यांच्यासाठी वेगळ्या, थंडी सोसणाऱ्या जाती आहेत. १९७० च्या दशकातल्या कडक हिवाळ्यांनंतर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात विल्यम ॲकरमन यांनी ओलेफेरा जातीशी संकर करून त्या तयार केल्या. त्यातल्या शरद ऋतूत फुलणाऱ्या घ्या. वसंतात फुलणाऱ्यांच्या कळ्या थंडीने करपतात. गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरीवाल्यांनी मात्र माझ्या फोटोंवर जाऊ नये.

आई आता बरी आहे. दुपारी बाहेर पडत नाही, निदान मला तसं सांगते. काकूंना मी वेगळं विचारते. निळ्या कुंडीत तिने मदनबाण लावलाय. यंदा पावसाळ्यात तिने काड्या लावून चाळीस रोपं केली, ती मागच्या टेबलावर ठेवली आहेत. पिशवीला सुतळी बांधलेला मदनबाण, बिनसुतळीचा बटमोगरा. प्रत्येकाने एकच घ्यायचं, आणि मागच्या बाकावरच्यांनी सगळ्यात शेवटी.