पावाचा नव्हे, जागेचा धंदा



रिचर्ड व मॉरिस या मॅक्डोनाल्ड बंधूंनी १९४८ साली कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील आपल्या उपाहारगृहात कारखान्यातील श्रमविभागणी आणली. ती पद्धत देशभर नेण्याचे हक्क १९५४ मध्ये रे क्रॉक यांनी मिळविले आणि १९६१ मध्ये २७ लाख डॉलर मोजून बंधूंनाच बाजूला केले.

परंतु कंपनीच्या वैभवाचे मर्म पाककौशल्यात नाही. हॅरी सॉनबॉर्न यांच्या योजनेनुसार १९५६ पासून कंपनी जागा आपल्या ताब्यात घेऊन फ्रँचायझी चालकांना पोटभाड्याने देऊ लागली. विक्रीवरील स्वामित्वशुल्क वेगळे. आज सुमारे ९५ टक्के उपाहारगृहे अशा चालकांकडे आहेत आणि त्यांच्याकडून मिळणारे भाडे स्वामित्वशुल्काहून मोठे आहे. धंद्याची जोखीम चालकाची. करार संपला की जागा मात्र कंपनीची. नाव मालकाचे, स्थिती कुळाची!

आणि त्या कुळाच्या हाताखाली राबणारा मजूर? २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये ताशी १५ डॉलर वेतन व संघटनेचा हक्क मागत तो संपावर गेला. वेतन चालक ठरवितात, असे कंपनी म्हणते. भाडे व शुल्क चुकवून हाती फारसे उरत नाही, असे चालक म्हणतो. म्हणून मजुरांचे मागणीपत्र गल्ल्यापाशी थांबता कामा नये. खंड जिथे जमा होतो, त्या दारी ते गेले पाहिजे.