वाटाण्याचं गणित
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आत्ता माझी ओळख ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ अशी करून दिली. खरं सांगायचं तर गेले आठ महिने मी पुन्हा दहावीत आहे. लेकीचं दहावीचं वर्ष. रात्री ऑफिसचा लॅपटॉप मिटला की आम्ही दोघी विज्ञान आणि बीजगणित घेऊन बसतो. वर्गसमीकरणं अजून सुटतात. जीवशास्त्र मात्र मी नुसतं पाठ केलं होतं, हे आत्ता कळतंय.

नववीची उजळणी करताना मेंडेल आला. आपण पारनेर तालुक्यातली पोरं. वाटाण्याची तोडणी सुरू झाली की निम्मा वर्ग रानात आणि हजेरी घेताना सर वैतागलेले. तरी मेंडेलचा वाटाणा आपल्याला पुस्तकातलाच वाटला! त्या माणसानं गोल आणि सुरकुतलेल्या बियांच्या झाडांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळ्या बिया गोल. दुसऱ्या पिढीत सुरकुतलेल्या परत आल्या. त्यानं एकेक मोजली : ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेल्या. जवळपास तिनास एक. प्रत्येक बीला आईकडून एक आणि बापाकडून एक घटक मिळतो, एवढं धरलं की हे गुणोत्तर दोन नाणी उडवल्यासारखं आपोआप निघतं. हे त्यानं १८६५ साली मांडलं, तेव्हा गुणसूत्रांचं काम कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढचं प्रकरण पुनरुत्पादनाचं. आईच्या प्रत्येक अंडपेशीत एक्सच असतं. बापाच्या निम्म्या शुक्रपेशींत एक्स, निम्म्यांत वाय. मुलगा की मुलगी, ते तिथं ठरतं. हे उत्तर मी दहावीच्या सहामाहीला आकृतीसह लिहिलं होतं आणि पूर्ण गुण मिळवले होते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, आम्ही चौघी बहिणी. मी तिसरी. आमच्या घरी पाहुणे आले की आजी चुलीपाशी बसलेल्या माझ्या आईकडं बघून म्हणायची, हिच्या पोटाला पोरीच. उत्तरपत्रिका मिळाली त्या संध्याकाळीही म्हणाली. मी आतल्या खोलीत भूगोलाचा नकाशा भरत होते. मी तोंड उघडलं नाही. परीक्षेत लिहायचं ते आणि घरातलं ते, या दोन गोष्टींचा संबंध असतो असं मला वाटलंच नाही, की वाटूनही भीती वाटली, ते आज नक्की सांगता येत नाही.

लेक सध्या संभाव्यता शिकतेय. तिनं आमचं घर उदाहरणाला घेतलं. चारही मुली होण्याची संभाव्यता एकसोळांश. म्हणजे चार लेकरं असलेल्या सोळा घरांत सरासरी एक घर आमच्यासारखं निघणारच. आणि पाचव्या वेळी? पुन्हा निम्मीच. आधीच्या चौघींचा नाण्याला पत्ता नसतो. मात्र २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे मुली ८५२ होत्या. नाणं असं पडत नाही. तिथं माणसाचा हात आहे.

हे सगळं लेक मोठ्यानं वाचत होती. आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. लेक म्हणाली, “आजी, मग यात तुझा काय दोष?” आईनं हातातली शेंग सोलून पूर्ण केली. मग तिच्याकडं नाही, माझ्याकडं बघून विचारलं, “तुला कव्हापासून माहीत होतं गं हे?”

“दहावीपासून,” मी म्हणाले.

“मग सांगायचं होतंस की.”

आजी जाऊन आता बारा वर्षं झाली.

मुख्याध्यापकांना मी सकाळी भेटले. जानेवारीतल्या एका शनिवारी दहावीच्या वर्गावर हे प्रकरण मी शिकवणार आहे. फळा, खडू आणि दोन नाणी पुरतील. अट एकच घातली आहे : मुलांनी त्या दिवशी आपल्या आईला आणि आजीला सोबत आणायचं. सुप्यात राहणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हीही या. सासूबाईंना घेऊन या.